शेतात विजेचा धक्का बसून दाजी गेले, सातबारा सासऱ्यांच्या नावावर. बहिणीला काय मिळू शकतं?

प्रश्न : गेवराईकर
मोटार चालू करताना शॉक बसला. बीडच्या जिल्हा रुग्णालयात नेलं, तिथंच दाजी गेले. वय 36. शवविच्छेदन झालंय. आज बारावा दिवस. जमीन सगळी सासऱ्यांच्या नावावर आहे, त्यामुळे शेतकरी अपघात योजना लागू होत नाही असं गावात सांगतायत. बहीण 31 वर्षांची, लेकरं 9 आणि 5 वर्षांची. पिवळं रेशनकार्ड सासू-सासऱ्यांसोबत एकत्र. तिला लाडकी बहीणचे पैसे चालू आहेत. सुरुवात कुठून करावी?

उत्तर : गोदाकाठ
गावात सांगतायत ते चुकीचं आहे. जुन्या विमा योजनेची जागा एप्रिल 2023 मध्ये गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेनं घेतली. तीत सातबारावाल्या शेतकऱ्यासोबत त्याच्या घरातला नाव नसलेला एक सदस्यही बसतो : आई-वडील, नवरा किंवा बायको, मुलगा, अविवाहित मुलगी यांपैकी कुणीही एक. वय 10 ते 75. दाजी खातेदाराचा मुलगा म्हणून बसतात. विजेचा धक्का योजनेत आहेच. मृत्यूला 2 लाख, आणि वारसांत पहिला मान पत्नीचा.

अर्ज तालुका कृषी अधिकारी कार्यालयात, 30 दिवसांच्या आत. म्हणजे तुमच्याकडे अडीच आठवडे उरलेत. एखादा कागद राहिला असेल तरी अर्ज आत टाका, पोच घ्या, पोचेवर तारीख आणि शिक्का बघूनच निघा. राहिलेला कागद मागून जोडता येतो, गेलेली तारीख परत येत नाही.

अडतं ते 6-क वर. कृषी कार्यालय सवयीनं वारस नोंदीचा गाव नमुना 6-क मागतं. तो खातेदार वारल्यावर होतो. इथं खातेदार सासरे, आणि ते हयात आहेत, तर दाजींचा 6-क तलाठी काढणार कुठून? त्याऐवजी सासऱ्यांचा सातबारा आणि 8-अ (खाते उतारा), दाजी त्यांचा मुलगा असल्याचं दाखवणारं रेशनकार्ड, शिवाय तलाठ्याकडून कुटुंबातल्या नात्याचा लेखी दाखला जोडा. अर्जातच लिहा की मयत हा खातेदाराचा मुलगा आहे, स्वतः खातेदार नाही. हे एक वाक्य नसलं की फाईल त्रुटीत पडते.

मृत्यूची नोंद गावच्या ग्रामपंचायतीत होणार नाही. मृत्यू जिथं झाला तिथं नोंद, म्हणजे तुमचं काम बीडलाच. 21 दिवसांच्या आत नोंद बिनाशुल्क होते. दाखला छापायच्या आधी नाव आधारप्रमाणे आहे का ते स्वतः वाचा. आपल्याकडं आधारवर बाळासाहेब, पासबुकात बाळू, दाखल्यावर बाळू रामभाऊ असं हमखास होतं आणि पुढं प्रत्येक टेबलावर प्रतिज्ञापत्र मागतात. मूळ प्रती आठ-दहा काढून ठेवा.

उत्तर : पासबुक
बँकेकडं आजच बघा. दाजींचं पासबुक भरून आणा आणि मे-जूनच्या नोंदी वाचा. 436 रुपये कापले असतील तर जीवनज्योती विमा आहे, 20 रुपये कापले असतील तर सुरक्षा विमा. दोन्हींचं वर्ष 1 जून ते 31 मे असतं. जीवनज्योतीत मृत्यू कोणत्याही कारणानं चालतो, सुरक्षामध्ये अपघातच लागतो. इथं अपघात आहे, म्हणून दोन्ही कापले असतील तर 2 लाख अधिक 2 लाख. दावा खातं असलेल्या शाखेतच, तोही 30 दिवसांत द्यावा. शाखेत "असं काही नाही" म्हणाले तर कापलेल्या रकमेची ओळ बोट ठेवून दाखवा.

जनधन खातं असेल तर रुपे कार्डावरचा अपघात विमाही विचारा. अट अशी की मृत्यूआधीच्या 90 दिवसांत कार्ड वापरलेलं असावं. आणि मृत्यूनंतर त्याच कार्डानं पैसे कुणीही काढू नका, घरात कितीही नड असली तरी.

उत्तर : बालाघाट
महिन्याच्या मदतीचं सांगतो. बहीण चाळिशीच्या आत आहे, त्यामुळे केंद्राची विधवा निवृत्तिवेतन योजना (40 ते 79 वय) लागणार नाही. संजय गांधी निराधार लागेल : महिना 1,500, अर्ज तहसीलच्या संजय गांधी शाखेत. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 21,000 च्या आत हवं. सासऱ्यांची जमीन धरली की दाखला त्याच्या वर जातो आणि अर्ज तिथंच बाद होतो. म्हणून आधी बहीण आणि लेकरांचं रेशनकार्ड विभक्त करा, मग उत्पन्नाचा दाखला. आधार बँकेला जोडलेलं कुठल्या खात्यावर आहे तेही तपासा, पैसे शेवटी जोडलेल्या खात्यातच पडतात.

लाडकी बहीण आणि संजय गांधी दोन्ही 1,500 चे, सोबत चालत नाहीत. संजय गांधी मंजूर होईपर्यंत चालू आहे ते बंद करू नका.

पण लेकरांचं कुणी सांगतच नाही, ते आधी करा. सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेत एक पालक गेलेल्या प्रत्येक लेकराला महिना 2,250, वयाच्या 18 पर्यंत. दोघांचे मिळून 4,500 होतात, बहिणीच्या अनुदानाच्या तिप्पट. अर्ज बीडला जिल्हा महिला व बाल विकास कार्यालयात, आदेश बाल कल्याण समिती देते, त्याआधी गृहभेट होते. शाळेचं बोनाफाईड, मृत्यू दाखला आणि घरासमोर आईसोबत लेकरांचा फोटो तयार ठेवा.

राष्ट्रीय कुटुंब लाभाचे एकरकमी 20,000 कमावता माणूस 18 ते 59 वयात गेला तर मिळतात. नाव दारिद्र्यरेषेच्या यादीत हवं. नुसतं पिवळं कार्ड पुरत नाही, ग्रामपंचायतीतून यादीतला क्रमांक काढा.

गेवराईकर
सगळ्यांचे आभार. कृषी कार्यालयात एफआयआर मागितला. ठाण्यात म्हणतात एफआयआर झालेलाच नाही.

गोदाकाठ
होणारच नाही. गुन्हा नसेल तर पोलीस अकस्मात मृत्यूची नोंद करतात. त्या खबरेची प्रत, घटनास्थळ पंचनामा, मरणोत्तर पंचनामा आणि शवविच्छेदन अहवाल, हे चार कागद ठाण्यातून अर्ज देऊन साक्षांकित घ्या. पंचनाम्यात "विजेचा धक्का" शब्द आहेत का ते वाचा. अहवालात मृत्यूचं कारण राखून ठेवलेलं असेल तर व्हिसेराचा (शवविच्छेदनात काढलेल्या अवयवांच्या नमुन्यांचा) अहवाल येईपर्यंत फाईल थांबते. तसं असेल तर अर्ज आता द्या आणि प्रयोगशाळेचा अहवाल आला का ते ठाण्यात विचारत राहा.

अजून एक. शॉक घरच्या वायरिंगमुळं की महावितरणच्या तारेमुळं, याची चौकशी विद्युत निरीक्षक करतात. दोष महावितरणचा निघाला तर भरपाईचा दावा वेगळा. उपविभाग कार्यालयाला लेखी कळवलं नसेल तर उद्या कळवा, आणि स्टार्टर, वायर, पेटी निरीक्षक बघून जाईपर्यंत कुणाला बदलू देऊ नका.