महिन्याच्या याद्या दुसरीकडे चालल्यात, किराण्याचं गिऱ्हाईक टिकतं कशावर?

कॉलनी_किराणा:
दुकान ३०० चौरस फुटांचं, सोसायट्यांच्या तोंडाशी. सुट्टं गिऱ्हाईक भरपूर, पण महिन्याचं वाणसामान भरणारी घरं डीमार्टकडे आणि दहा मिनिटांत घरपोच देणाऱ्या ॲपकडे वळतायत. पॉइंटचं कार्ड काढायचा विचार आहे, शंभराला दोन रुपये जमा. त्याने गिऱ्हाईक बांधलं जातं का, की दुसरं काही करावं?

गल्ल्यावरून:
कार्डाचा हिशेब आधी कागदावर मांडा. पाच हजारांच्या यादीत ढोबळ नफा दहा टक्के धरला तर ५०० रुपये. त्यातले १०० कार्डावर गेले म्हणजे नफ्याचा पाचवा हिस्सा गेला, आणि तोही मुख्यतः जे तसेही येणारच होते त्यांना. भावात डीमार्टशी बरोबरी करायला जाऊ नका. त्यांच्या बऱ्याचशा जागा स्वतःच्या, पुरवठादाराला पैसे लवकर, खरेदी ट्रकने. तो खेळ आपला नाही.

यादी फुटते ती एका वस्तूवरून. पंचवीसपैकी चोवीस मिळाल्या आणि रोजच्या चहाची पावडर नाही मिळाली, की त्या पावडरीसाठी माणूस ॲप उघडतो आणि तिथेच साखर, तेल, साबणही टाकून मोकळा होतो. म्हणून गल्ल्याशेजारी एक ‘नाही’ची वही ठेवा. मागितलं आणि नव्हतं, ते लगेच लिहायचं. पंधरा दिवसांत एकच नाव तीनदा आलं की माल भरायचा. नेहमीच्या मालाचं गणित सोपं आहे: रोज ४ पाकिटं खपतात, एजन्सीचा माणूस आठवड्यातून एकदा येतो, तर तो गेल्यावर २८ अधिक दोन दिवसांची ८, अशी ३६ हाताशी हवीत.

व्हॉट्सॲपवर यादी आली की तासाभरात कळवा काय नाही ते. बदली माल न विचारता पिशवीत टाकू नका. मीठ-साखरेत चालून जातं. चहा, तेल, मसाला, गहू यांत कधीच नाही.

तागडी:
वरच्यांशी सहमत, पण मला वजन जास्त महत्त्वाचं वाटतं. आता घरोघरी स्वयंपाकाचा छोटा काटा असतो, तुमची पुडी घरी पुन्हा मोजली जाते.

३० किलोचा, ५ ग्रॅम भागाचा (म्हणजे आकडा पाच-पाच ग्रॅमने बदलणारा) काटा १०० ग्रॅमच्या खाली वापरायचाच नसतो. ती मर्यादा काट्याच्या पट्टीवर छापलेली असते. वेलची, लवंग, केशर यांना वेगळा बारीक काटा ठेवा. दुसरी चूक पिशवीच्या वजनाची. जाड कागदी पिशवी ६ ग्रॅमची असली तर १०० ग्रॅम बदामात गिऱ्हाईकाचे सहा टक्के गेले. आधी रिकामी पिशवी ठेवून टेअर (आकडा शून्यावर आणणारं बटण) दाबायचं, मग माल घालायचा, आणि आकडा गिऱ्हाईकाला दिसेल असा काटा फिरवून ठेवायचा. इलेक्ट्रॉनिक काट्याची वैधमापन खात्याकडून (वजन-मापं तपासणारं सरकारी खातं) फेरपडताळणी दर वर्षी लागते. प्रमाणपत्र दर्शनी भागात लावा. आणि दोन रुपये सुट्टे नाहीत म्हणून चॉकलेट हातावर ठेवणं बंद करा, यूपीआयच्या काळात ते फारच खुपतं.

धान्यबाजार:
सुट्टं धान्य ही तुमची खरी जमेची बाजू, पाकिटातल्या मालात तुम्ही आणि ॲप सारखेच. पण त्यात सातत्य हवं. नवा कोलम आला आणि न सांगता दिला, की भाताचा गोळा होतो आणि बोल तुम्हाला लागतो. ‘नवा आहे, पाणी कमी घाला’ एवढं सांगितलं तरी पुरे. गव्हाची दोन पोती, एक जुनं एक नवं, एकत्र करू नका. पोळीत फरक पडला की घरातल्या बाईला पहिल्याच दिवशी कळतं.

रवा, मैदा, बेसन पावसाळ्यात पंधरा दिवसांपुरतंच भरा. डबा रिकामा न करता वरून नवं ओतलं की तळाचं जुनं तसंच राहतं आणि अळी तिथूनच चढते. डबा पूर्ण उपसून, पुसून, उन्हात कोरडा करून मगच भरायचा. अळी निघाली म्हणून कुणी परत आणलं तर वाद न घालता बदलून द्या. अर्धा किलो रव्यापायी पाच हजारांची यादी घालवू नका.

कॉलनी_किराणा:
आभार. कार्ड रद्द. उधारीचं काय करायचं? काही जुनी घरं थकबाकी ठेवून येईनाशीच झालीत.

गल्ल्यावरून:
थकली की माणूस लाजेने तोंड चुकवतो आणि समोरच्या दुकानात रोखीने घेतो. पैसेही अडकले, गिऱ्हाईकही गेलं. उधारीची मर्यादा एका महिन्याच्या यादीएवढीच ठेवा, फेडायची तारीख दहा. नोंद दोन्हीकडे हवी: तुमच्या वहीत आणि त्यांच्या उधारीच्या कार्डावर किंवा मेसेजमध्ये, त्याच वेळी. महिनाअखेरीस एकदम आकडा सांगितला की ‘हे आम्ही नेलंच नाही’ सुरू होतं.

जुन्या थकबाकीसाठी चारचौघांत तगादा नको. खासगीत फोन करून ती रक्कम बाजूला काढा, महिन्याला ५०० असे हप्ते ठरवा, आणि नवी यादी रोखीने आजपासून चालू करा म्हणून सांगा. हप्ता आला की त्यांच्यादेखत वहीत खोडा.