थीमच्या आठवड्यात हात कुणाचे चालतात: लेकराचे की आईचे?

लातूरची आई

माझी मुलगी साडेचार वर्षांची, ज्युनिअर केजीत जाते. शाळेचं नाव सांगत नाही, कारण हा प्रश्न एका शाळेचा नाहीच. यंदा शाळेनं सगळं शिकवणं ‘थीम’वर बेतलंय. एक आठवडा फळं, एक आठवडा पाऊस, एक आठवडा आपले मदतनीस. हातानं करत शिकायचं आणि त्यात पालकांनी सामील व्हायचं. जूनच्या पालकसभेत हे ऐकून मला फार बरं वाटलं होतं.

मग फळांचा आठवडा आला. सोमवारी आंब्याचं मॉडेल, बुधवारी चार्ट, शुक्रवारी फळाचा ड्रेस. थर्माकोल, रंग आणि भाड्याचा ड्रेस धरून सहाशे रुपये गेले. आंबा मी रात्री साडेअकराला रंगवला, तेव्हा मुलगी गाढ झोपेत. सकाळी तो तिच्या हातात दिला आणि वर तिलाच बजावलं, दाबू नको, मोडंल. त्या आठवड्यात तिनं शाळेत एक केळंसुद्धा सोललं नाही. सीताफळाच्या बिया मोजल्या नाहीत, कच्च्या पेरूचा वास घेतला नाही. माझ्या आंब्याला मात्र स्टार मिळाला.

आता दुसरं सांगते. मार्गशीर्षातल्या अमावस्येला आम्ही येळवशीला शेतात गेलो. लातूर-धाराशिवकडच्यांना सांगायची गरज नाही, बाकीच्यांसाठी सांगते: वेळ अमावस्येला अख्खं घर शेतात जातं, कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, करून आत पाच पांडव मांडून पूजा करतात, मग भज्जी, बाजरीचे उंडे, आंबील. सासऱ्यांनी मुलीला पाच दगड शोधून आणायला लावलं. तिनं सात आणले, मोजून दोन परत ठेवले. दगड धुतले, चुन्यात बोट बुडवून रंगवले. पेंढ्या तिच्याच्यानं उचलंनात, तर ओढत आणल्या. आंबिलीच्या बिंदग्याला गाल लावून म्हणाली, हे गार का आहे? नंतर तीन आठवडे ती घरात काड्यांची कोप करत होती. कोप सारखी पडायची. पडली की बुडखा रुंद करायची. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

म्हणून माझं म्हणणं असं की शाळेनं घरी काहीही करायला पाठवू नये. ना चार्ट, ना मॉडेल. पालकांना वर्गात बोलवावं, त्यांना जे येतं ते त्यांनी लेकरांसमोर करावं, लेकरांना करू द्यावं. मोंढ्यात हमाली करणारा बाप आला तर पोत्याचं तोंड सुतळीनं कसं शिवतात ते दाखवंल. तुम्हाला काय वाटतं?

बालवाडीच्या ताई, परभणी

तुमचं दुखणं खरं आहे, पण उपाय पटला नाही. मी बारा वर्षं बालवाडी चालवते. घरी काहीच पाठवलं नाही तर घराचा आणि शाळेचा धागाच तुटतो. लेकरू आमच्याकडं तीन तास असतं, बाकी सगळा दिवस तुमच्याकडं.

घरून काय मागवता त्यावर सगळं आहे. आम्ही मागच्या वर्षी ‘माती’ हा विषय तीन आठवडे चालवला. पालकांना एवढंच सांगितलं की लेकराला सोबत घेऊन कुठलीही मूठभर माती उकरा आणि पाठवा. बावीस लेकरं, बावीस पुड्या. कुणाची रानातली काळी, कुणाची मुरमाड, एकीची गंगाखेडच्या मामाकडची गोदाकाठची गाळाची, एकाची चोपण जमिनीतली, पांढरट. चाळणीनं चाळली, पाण्यात कालवली, कुठली तळाला लवकर बसते ते बघितलं. काळ्या मातीचा गोळा वाळल्यावर तडकला आणि वाळूचा गोळा झालाच नाही, यावर चार वर्षांची लेकरं भांडली. काळीत काहीतरी चिकट असतं, असं एक पोरगी म्हणाली. खर्च शून्य. आणि ती माती उकरताना बाप लेकराशी अर्धा तास बोलला, हे मला फार मोलाचं वाटतं.

चार्टचं म्हणाल तर अडचण आमचीही ऐका. दुपारी घ्यायला आलेली आई पहिला प्रश्न विचारते, आज काय लिहिलं? वही कोरी दिसली की पुढच्या वर्षी लेकरू दुसऱ्या शाळेत. भिंतीवर काहीतरी दिसावं म्हणून शाळा चार्ट मागतात. मी मागत नाही, पण मागणाऱ्यांची भीती मला कळते.

नांदेडचा बाप

मी तुम्हा दोघींच्याही विरोधात आहे आणि मोकळेपणानं सांगतो. आडतीवर दिवाणजी आहे. थोरल्याला अशाच ‘खेळत शिका’ बालवाडीत घातलं होतं. दोन वर्षं वाळू, पाणी, चिखल. पहिलीला इंग्रजी शाळेत घातला तर पहिल्याच आठवड्यात शब्द उतरवून घ्यायला सांगितले. बाकीची लेकरं लिहायलीत, आणि हा पेन्सिल धरून रडतोय. सहा महिने रोज सकाळी पोट दुखतं म्हणायचा. ते सहा महिने मी विसरलो नाही.

माती आमच्या घरी गावाकडं ढिगानं आहे. त्यासाठी फी कशाला भरायची? शाळेनं ते द्यावं जे मी घरी देऊ शकत नाही. मला इंग्रजी येत नाही, बायकोला येत नाही. धाकटीला अक्षरं, आकडे, वाचन द्या. येळवस आम्ही दाखवू.

निवृत्त गुरुजी, उदगीर

नांदेडच्या दादांच्या लेकरावर जे बेतलं ते वाईटच. पण दोष बालवाडीतल्या चिखलाचा होता की पहिलीच्या पहिल्या आठवड्यातल्या फळ्याचा? चौतीस वर्षं मी पहिली-दुसरीला शिकवलं. पेन्सिल धरायला अंगठा आणि दोन बोटांचं बळ लागतं. ते पेन्सिल धरून येत नाही. शेंगा फोडून, कणीक मळून, चिंचोके निवडून, बटण लावून येतं. सोले काढणारं लेकरू लेखनाचीच तयारी करत असतं, फक्त ती वहीत दिसत नाही.

आकड्यांचंही तसंच. चार वर्षांच्या लेकरासमोर एका बसक्या भांड्यातलं पाणी उंच पेल्यात ओता आणि विचारा, पाणी वाढलं का? बहुतेक लेकरं हो म्हणतात. शंभरपर्यंत पाठ म्हणणारं लेकरूही हो म्हणतं. त्याला चिपट्यानं, मापट्यानं स्वतः पुन्हा पुन्हा ओतू दिलं की हळूहळू उमजतं.

हे नवं फॅडही नव्हे. बालशिक्षणाचा पाया घालणारे गिजुभाई बधेका भावनगरला आणि ताराबाई मोडक त्यांच्यासोबत शंभर वर्षांपूर्वी हेच करत होते. २०२० च्या शैक्षणिक धोरणानं तर तीन ते आठ वर्षं हा एकच पायाभूत टप्पा मानलाय, म्हणजे पहिली-दुसरीसुद्धा त्यात आली. पहिलीनं बालवाडीसारखं व्हायचं आहे, बालवाडीनं पहिलीसारखं नव्हे.

नांदेडचा बाप

गुरुजी, तुमचा मान राखून विचारतो. धोरण २०२० चं आहे, माझं लेकरू २०२३ ला रडलं. त्या पहिलीच्या बाईंना हे कोण सांगणार? बोटात बळ येऊ द्या, मला मान्य. पण पुढच्या शाळेचं दार जसं आहे त्यातूनच माझ्या धाकटीला आत जायचंय. बदल होईपर्यंत मी तिला प्रयोगाला देऊ शकत नाही. निदान शेवटच्या वर्षी तरी अक्षरओळख व्हावी, एवढा हट्ट मी धरणारच.

बालवाडीच्या ताई, परभणी

हा हट्ट रास्त आहे. मोठ्या गटात आम्ही अक्षरं घेतो. मातीच्या पुडीवर लेकराचं नाव लेकराकडूनच लिहून घेतो, वाकडं आलं तरी चालतं. नाव वाचल्याशिवाय आपली पुडी सापडत नाही, म्हणून ते वाचतात. ज्या बालवाड्या दोन वर्षांत हेही करत नाहीत त्यांची बाजू मी घेणार नाही.

अंगणवाडी सेविका, बीड जिल्हा

तुमची सगळ्यांची चर्चा वाचली. माझ्याकडचं चित्र वेगळं आहे म्हणून लिहिते. दिवाळी झाली की माझ्या पटावरची निम्मी लेकरं आईबापासोबत ऊसतोडीला जातात. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, मुकादमाकडून उचल घेतलेली, त्यामुळं थांबायची सोय नसते. सहा वर्षांवरच्यांना कुठं कुठं हंगामी वसतिगृह मिळतं. तीन-चार वर्षांचं लेकरू मात्र आईच्या मागं फडातच असतं. मार्च-एप्रिलात परत येतं तेव्हा शिकलेली गाणी विसरलेलं असतं, पण मोळी कशी बांधतात ते त्याला येतं. पालक सहभाग म्हणजे मी कुणाला बोलावू?

मागं राहतात त्या आज्या. मी त्यांनाच धरलं. भाकरीचा आठवडा केला. एका आजीचं जातं होतं, ते अंगणवाडीत उचलून आणणं शक्य नव्हतं, म्हणून आम्हीच लेकरं घेऊन तिच्या ओसरीवर गेलो. खुंट्याला दोन-दोन लेकरांनी हात घातला. ज्वारी कुठून घातली, पीठ कुठून पडलं, हे बघायला सगळी जमिनीवर आडवी.

त्यात तांड्यावरची एक मुलगी होती. दोन महिने तोंडातून शब्द नाही. मला वाटायचं, हिला काही अडचण आहे का, डॉक्टरला दाखवावं का. आजीनं परातीत भाकरी थापली आणि ही पोरगी मोठ्यानं म्हणाली, बाटी! गोरमाटीत, म्हणजे बंजारा बोलीत, भाकरीला बाटी म्हणतात. तिला सगळं येत होतं, फक्त माझी भाषा येत नव्हती. त्या दिवसापासून मी रोज तिला एक शब्द विचारते. आता आईला याडी म्हणतात हे वर्गातल्या सगळ्या लेकरांना माहीत आहे.

नांदेडच्या दादा, तुम्ही म्हणता घरी आहे ते शाळेत कशाला. तर यासाठी. घरातलं शाळेत आलं तरच अशा लेकराचं तोंड उघडतं.

निवृत्त गुरुजी, उदगीर

ताई, तुमच्या लिहिण्यावरून आठवलं. ताराबाईंनी १९४५ मध्ये तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात बोर्डीला काम सुरू केलं, अनुताई वाघ त्यांच्यासोबत. आदिवासी पाड्यावरची लेकरं बालवाडीत येईनात, तर बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात नेली. गुरं राखणारी पोरं येईनात, तर कुरणातच शाळा भरवली. तुम्ही ओसरीवर गेलात ते त्याच वाटेनं गेलात. ‘पालकांनी शाळेत यावं’ याच्या आधी ‘शाळेनं घराकडं जावं’ हे आलं पाहिजे. २ ऑक्टोबर १९७५ ला देशात एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली तेव्हा अंगणवाडी हे नाव सगळीकडं गेलं. आता पोषण आहाराची नोंद वेळेवर भरून घेतली जाते, अंगणात जाण्याची नोंद कुणी मागत नाही, याचं मला वाईट वाटतं.

रात्रपाळी, वाळूज

लातूरच्या ताई, तुमच्या मुद्द्याला माझा सरळ विरोध आहे. ‘पालकांना वर्गात बोलवा’ हे ऐकायला गोड आहे. मी वाळूज एमआयडीसीत आहे, आठवड्याला पाळी बदलते. बायको दुसऱ्या कंपनीत पॅकिंगला. एक खाडा म्हणजे एका दिवसाचा पगार गेला.

मागच्या वर्षी शाळेनं ‘माझे बाबा काय करतात’ दिवस ठेवला, बुधवारी सकाळी अकरा वाजता. एकाचे बाबा डॉक्टर, स्टेथोस्कोप घेऊन आले. एकाचे दुकानदार, चॉकलेट घेऊन आले. माझं लेकरू दारात उभं राहून रस्त्याकडं बघत होतं, असं त्याच्या बाईंनी मला नंतर सांगितलं. मी तेव्हा मशीनवर होतो. घरी आल्यावर तो काही बोलला नाही, ते मला जास्त लागलं.

तुमचे सहाशे रुपये गेले ते मी समजू शकतो. पण वस्तू मागितली तर मी रात्री जागून करू शकतो. मला स्वतःला मागितलं तर मी देऊ शकत नाही. ज्यांच्याकडं मोकळी सकाळ आहे त्यांच्याच लेकरांचा तो दिवस होतो.

लातूरची आई

हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. मी शिवणकाम घरी करते, सकाळ माझ्या हातात असते, म्हणून मला ते सोपं वाटलं. दारात उभं राहिलेलं लेकरू आता डोळ्यांसमोरून जात नाही.

‘घरी काहीच पाठवू नये’ हेही मी मागं घेते. परभणीच्या ताईंची मातीची पुडी मला मान्य. पण एका गोष्टीवर अडून राहीन: विकत आणावं लागेल असं काही मागायचं नाही, आणि जे लेकराच्या हातून होणार नाही तेही नाही. आणि स्टार नको. आईच्या कामाला दिलेला स्टार लेकराला कळतो. माझी मुलगी त्या दिवशी म्हणाली होती, मम्मा, तुला स्टार मिळाला.

नांदेडचा बाप

स्टारचं बरोबर आहे. आमच्याकडं तर चार्ट दुकानात तयार मिळतात, ऐंशी रुपयाला. अक्षरांबद्दल माझं मत तेच आहे. पण धाकटीला रविवारी आडतीवर नेऊन हरभऱ्याच्या आणि तुरीच्या राशी दाखवीन. तिनं अजून पाहिल्या नाहीत, हे लिहिताना लक्षात आलं.

बालवाडीच्या ताई, परभणी

वाळूजच्या दादा, पालकांना बोलावणं मी बंद करणार नाही, कारण आलेल्या माणसाचे हात बघून लेकरं जे शिकतात ते माझ्या हातून होत नाही. पण सकाळी अकराची वेळ चुकीची, हे कबूल. आम्ही यंदा महिन्यातून एक रविवार ठेवलाय. ज्यांना तोही जमत नाही त्यांच्या कामाची एक वस्तू लेकरू आणतं आणि तेच दाखवतं. एका ट्रॅक्टरवाल्याच्या पोरानं बापाचा ग्रीस लागलेला रुमाल आणला होता. अर्धा तास सगळी त्याचा वास घेत होती.

रात्रपाळी, वाळूज

वस्तू चालत असेल तर माझ्याकडं नट-बोल्ट आहेत. भंगारातले नव्हेत, चांगले, आटे स्वच्छ असलेले. शाळेला तसं विचारून बघतो.

बालवाडीच्या ताई, परभणी

जरूर विचारा. फक्त मोठेच द्या, लेकराच्या मुठीत न मावणारे. बारके नट तीन वर्षांचं लेकरू तोंडात घालतं. आणि तीन-चार वेगवेगळ्या मापांचे द्या, म्हणजे कुठला कुठं बसतो ते त्यांना शोधावं लागेल.