‘दिल तो पागल है’: निशा मत्सरी की राहुल बेजबाबदार?

तालवेडी:
काल इथे कुणी लिहिलं, ‘निशा खरी मैत्रीण असती तर आनंदाने बाजूला झाली असती.’ वाचून राहवलं नाही. राहुल नृत्यनाट्याचा दिग्दर्शक, निशा त्याची मैत्रीण आणि मुख्य नर्तकी. पाय दुखावला तिचा. बरी होऊन परतते तर ‘माया’ ही तिची मुख्य भूमिका नव्याने आलेल्या पूजाकडे गेलेली! राहुलला तिचं प्रेम कळलं नाही, एक वेळ मान्य. पण भूमिका गेल्याचं तिला आधी सांगायला तोंड नव्हतं?

विंगेतला:
प्रयोग तोंडावर असताना दिग्दर्शकाने काय करायचं? सूज उतरली म्हणजे घोटा तयार झाला असं नसतं. आधी एका पायावर तोल, मग चवड्यांवर उभं राहणं, उड्या सगळ्यात शेवटी. घाई केली की उतरताना पाऊल आत मुडपतं आणि तोच लिगामेंट पुन्हा जातो. पूजाला घेतलं ते बरोबरच.

तालवेडी:
म्हणूनच रिप्लेसमेंट, म्हणजे गरज पडली तर जागा घेणारी नर्तकी, पहिल्या तालमीपासून हवी. एंट्री, जागा, प्रकाशाचे मार्क सगळं पाठ, आणि अधूनमधून एक तालीम पूर्ण तिच्यावर. मग मूळ नर्तकीलाही ठाऊक असतं की जागा तात्पुरती दिली आहे. राहुलने ते केलं नाही आणि मत्सरी ठरली निशा!

सम:
रिप्लेसमेंट राहू द्या. त्या दोघींच्या जुगलबंदीत निशा झालेली करिश्मा पूजा झालेल्या माधुरीसमोर फिकी पडते. कथक ते कथक.

विंगेतला:
फिकी? 1997 सालच्या याच चित्रपटासाठी करिश्माला सहायक अभिनेत्रीचा आणि श्यामक दावरला नृत्यदिग्दर्शनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. कथकचं चक्कर डाव्या टाचेवर, जॅझची गिरकी चवड्यावर. आसच वेगळा, तर एकाच मापाने कसं मोजता?

सम:
पुरस्कारांनी ताल सिद्ध होत नाही. पाच मात्रांचा तुकडा तीनदा, मध्ये दोनदा एकेक मात्रा सोडून: 17. सोळा मात्रांच्या तीनतालात समेवरून, म्हणजे पहिल्या मात्रेवरून, उचललेली ही तिहाई (तीनदा म्हटलेला तुकडा) पुढच्या समेवर पडते. जॅझवाल्यांच्या आठाच्या मोजणीत ती जागा तिसऱ्या आठातला ‘एक’. आठावर थांबायची सवय असलेली नर्तकी एक मात्रा आधीच गोठते. हे शिकवावं लागतं.

विंगेतला:
मग शिकवा! दोन आठ म्हणजे सोळाच. मोजणीचा दोष नर्तकीवर का ढकलता?

सम:
बरं, फिकी हा शब्द मागे घेतो. तिहाईचा मुद्दा मात्र मागे घेत नाही.

तालवेडी:
आणि माझा मूळ प्रश्न कुठे गेला? प्रेम मिळत नाही हे कळल्यावर निशा लंडनला निघून जाते, कारण रोज त्याच हॉलमध्ये त्या दोघांसमोर नाचणं तिला शक्य नव्हतं. परत येते तेव्हा मोडलेल्या राहुलला सांगते की तिलाही हेच सोसावं लागलं होतं. मत्सरी बाई त्याच्याजवळ बसली असती का?

विंगेतला:
निशाबद्दल तुमचं खरं. पण पूजाला घेण्याचा निर्णय चुकला, हे मी मानणार नाही.

तालवेडी:
निर्णय चुकला असं मी म्हटलंच नाही. तिला सांगितलं नाही, ते चुकलं.