एनएफएचएसच्या रिग्रेशनमध्ये वेट लावायचे की नाही?

सायली_पुणे
राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या (एनएफएचएस) पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या ३३,७५५ स्त्रियांच्या मुलाखती झाल्या, अरुणाचलातल्या १९,७६५. २०११च्या जनगणनेत मात्र महाराष्ट्र ११.२४ कोटींचा आणि अरुणाचल १४ लाखांच्याही आत. जिल्हानिहाय आकडे हवे होते, म्हणून नमुना असा विभागला. देशाची टक्केवारी काढताना वेट, म्हणजे कमी-जास्त निवडलेल्यांना लोकसंख्येच्या प्रमाणात दिलेले वजन, हवेतच. पण शिक्षण आणि रक्तक्षय यांचा संबंध तपासताना जिल्हा आणि शहर-खेडे रिग्रेशनच्या मॉडेलमध्ये (संबंध मोजणाऱ्या समीकरणात) असतील, तर निवडीचा असमतोल तिथेच सांभाळला जातो. वरून वेट लावले की बहुतेक वेळा प्रमाणत्रुटी (अंदाजातली अनिश्चितता) तेवढी वाढते. विद्यार्थी सवयीने वेट लावतात, ते थांबायला हवे.

लोकसंख्या_अभ्यासक
अजिबात पटले नाही. शिक्षणाचा परिणाम सगळीकडे सारखा असेल, तरच तुमचे म्हणणे टिकते. अरुणाचलात एक आणि विदर्भात दुसरा असेल, तर बिनवेटचा गुणक, म्हणजे रिग्रेशनमधून निघालेला परिणामाचा आकडा, लहान राज्यांकडे झुकणार. तो नेमका कोणाचा गुणक? धोरण ठरवणाऱ्याला देशाचे उत्तर हवे असते.

सायली_पुणे
परिणाम वेगवेगळा असेल, तर वेट लावून तो झाकता कशाला? राज्य आणि शिक्षण यांचा गुणाकार मॉडेलमध्ये घ्या, राज्यनिहाय दाखवा. आणि वेट लावलेला गुणक म्हणजे देशाचा सरासरी परिणाम, हेही खरे नाही. ज्या राज्यात शिक्षणातली तफावत जास्त, त्या राज्याचे वजन त्यात जास्त पडते.

मराठवाडा_संशोधक
सायलीताई, याच सर्वेक्षणातल्या घरगुती हिंसाचाराच्या प्रश्नांचे काय? ते घरातल्या एकाच स्त्रीला विचारतात. तीन पात्र स्त्रिया असलेल्या घरात प्रत्येकीची संधी एक तृतीयांश. म्हणजे एकत्र कुटुंबातल्या सुना नमुन्यात कमी येतात. घरात कोण कोण राहते याचा हिंसाचाराशी संबंध असू शकतो, म्हणजे निवड थेट उत्तराशी जोडली गेली. त्या भागासाठी वेगळे वेट दिलेले आहेत, ते गाळले तर गुणकच चुकेल.

सायली_पुणे
तिथे लावाच, माझा विरोध नाही. निवडीचे कारण उत्तराशी जोडलेले आहे का, एवढेच आधी तपासा म्हणते. वेट आणि प्रत्येक चल (शिक्षण, जिल्हा असा घटक) यांचे गुणाकार मॉडेलमध्ये घालून एकत्रित चाचणी करा. ते शून्यापासून वेगळे निघाले, तर मॉडेलमध्ये काहीतरी राहून गेले आहे.

लोकसंख्या_अभ्यासक
चाचणी करा, पण तक्ते दोन्ही छापा. आणि वेट असोत-नसोत, प्रमाणत्रुटी क्लस्टरनुसार (एकाच ठिकाणाहून एकत्र निवडलेल्या घरांच्या गटानुसार) काढा. एका गावातल्या वीस-बावीस घरांना स्वतंत्र निरीक्षणे समजणे ही याहून मोठी चूक आहे, आणि ती सर्रास होते.