पिकअपचं ऑइल घरी बदलायलोय, चेंबरचा नट सुटेना, काय करू?

जांबोटी_लाईन:
नमस्कार मंडळी. बोलेरो पिकअप आहे, बीएस४ (धुराच्या नियमांचा आधीचा टप्पा), २५२३ सीसी डिझेल. बेळगाव मार्केटला भाजी भरायची आणि जांबोटी, कणकुंबी, चोर्ला घाट करून गोव्यात उतरवायची, हा धंदा. घाटात लोड घेऊन सेकंडला चढते त्यामुळं ऑइल टायमावर बदललंच पाहिजे असं माझं मत आहे, आणि गॅरेजला नंबर लावून अख्खी सकाळ घालवणं परवडत नाही म्हणून हे काम घरीच करायचं ठरवलंय. ऑइल १५डब्ल्यू-४० आणलंय, फिल्टर कंपनीचा आणलाय, नवीन वायसर पण आहे.

पण चेंबरचा, म्हणजे इंजिनखालच्या तेलाच्या टाकीचा, नटच हलेना. रिंग पाना लावला, पान्याला पाईप घातला, तरी जागचा हलत नाही, उलट आता नटाची टोकं झिजायलेत असं वाटतंय. मागच्या वेळी एका गॅरेजात बदलून घेतलेलं तिथल्या पोरानं हवेच्या गननं टर्रर्र करून आवळलेला, मी समोरच उभारलेलो. गाडीखाली उताणं झोपून वर हात करून जोर लावायचा म्हणजे ताकद निम्मीच लागते, वरनं घाटातली सगळी तांबडी माती डोळ्यात.

दुसरं म्हणजे फिल्टर. सोडला की तेल मनगटावरनं कोपरापर्यंत ओघळतं, खालच्या मेंबरवर (इंजिनखालच्या आडव्या लोखंडी पट्टीवर) सांडतं आणि मग पुढं कितीतरी दिवस जिथं गाडी उभी करेल तिथं टपकत राहतं, व्यापारी म्हणतात तुझं इंजिन गळायलंय. आणि तिसरं, निघालेलं काळं तेल कुठं टाकायचं? घरामागं विहीर आहे आमची.

सांगा की ओ कुणीतरी, हे घरी करण्यात अर्थ आहे का सोडून देऊ?

उद्यमबाग_लेथ:
भावा आधी तो पाईप बाजूला ठेव. रिंग पाना बारा कोनी असतो, तो नटाला फक्त टोकाटोकाला धरतो, जाम नटावर पाईप लावून जोर दिलास की टोकं जातात आणि मग कुठलाच पाना बसत नाही. सहा कोनी सॉकेट घे, अगदी बरोबर मापाचं, इंचातलं जवळपास बसतंय म्हणून चालवून घेऊ नको. सहा कोनी सॉकेट नटाच्या सपाट बाजूला धरतं त्यामुळं टोकं थोडी गेली असली तरी पकड मिळते. नटाचं डोकं तारेच्या ब्रशनं साफ कर नाहीतर सॉकेट पूर्ण आत बसत नाही, हातोडीनं हलकं ठोकून बसव, ते ठोकणं पण उपयोगी पडतं, जाम झालेले आटे थोडे हादरतात. मग रॅचेट नको, साधी दांडी लाव, एका हातानं सॉकेट नटावर सरळ दाबून धर आणि दुसऱ्या हाताच्या तळव्यानं दांडीवर झटका दे. हळूहळू जोर वाढवत नेलास की पाना घसरतो, झटक्याला नट सुटतो.

दिशेचा घोळ लई जणांचा होतो. नटाच्या डोक्याकडं तोंड करून बघायचं, घड्याळाच्या उलट फिरवला की सुटतो. पण चेंबरचा नट आडवा असेल आणि तू झोपलेला पलीकडच्या अंगाला असशील तर सगळं उलटं दिसतं, सुटायच्या ऐवजी आणखी आवळत बसतो माणूस. आमच्याकडं लेथवर असे कितीतरी चेंबर येतात.

एक गोष्ट मात्र पाठ करून ठेव, तेल काढायच्या आधी फिल्टर हलतोय का बघायचं. चेन पाना किंवा पट्ट्याचा पाना लावून फक्त जरासा ढिला करून बघ, पूर्ण सोडू नको. फिल्टर जाम आहे हे चेंबर रिकामा झाल्यावर कळलं तर गाडी अंगणातच अडकते, ना तेल आत ना फिल्टर बाहेर, आणि तोपर्यंत हत्यारं विकणारं दुकान बंद झालेलं असतं. स्क्रूड्रायव्हर आरपार घालून फिरवायचा प्रकार अगदी शेवटी, पत्रा फाटला की धरायला काही उरत नाही.

ओघळ थांबवायचा असेल तर चेंबर पूर्ण निथळू दे, वरचं फिलर झाकण उघडं ठेव म्हणजे हवा मिळून तेल सलग पडतं. फिल्टर थोडा ढिला करून वरनं जाड प्लास्टिकची पिशवी चढव आणि पिशवीतच फिरवून काढ. मेंबरवर आधीच जुनं कापड अंथर. आणि काढलेल्या फिल्टरचं रबर त्याच्याबरोबर आलंय का ते हात लावून बघ!! जुनं रबर इंजिनला चिकटून राहिलं आणि त्यावर नवीन फिल्टर बसवला की दोन रबरं होतात, स्टार्ट केल्या केल्या प्रेशरनं सगळं तेल बाहेर. नवीन रबराला ताज्या तेलाचं बोट फिरव, रबर टेकल्यावर हातानंच साधारण पाऊण आटा, फिल्टरवर छापलेलं असतं तेवढंच. बसवताना पाना लावायचाच नाही.

निपाणी_ट्रान्सपोर्ट:
लेथवाल्या भाऊंचं सगळं बरोबर हाय, पण प्रश्न विचारणाऱ्यानं एक सांगितलं नाही, गाडी कशावर उचललीय? आमच्या भागात जॅक लावून चाकाखाली दगड टाकतात नाहीतर चिरा ठेवतात आणि माणूस आत शिरतो. चिरा दाबानं फुटतो, सिमेंटचा पोकळ ब्लॉक तर अजिबात भरवशाचा नाही, आणि जॅक हा गाडी उचलायला असतो, धरून ठेवायला नाही. पिकअपची उंची मुळात बरी असते, बहुतेक वेळा उचलायची गरजच पडत नाही, सपाट जागेवर उभी कर, पहिल्या गिअरात टाक, हँडब्रेक ओढ, मागच्या चाकांना लाकडी ठोकळे लाव आणि सरक आत. उचलायचीच असेल तर लोखंडी स्टँड. शेतात बांधाला खोल चर असला की त्यावर दोन्ही बाजूची चाकं घेऊन काम करतात ते मला जास्त पटतं.

इंजिन किती गरम ठेवायचं ते पण सांगतो. पूर्ण थंड असलं तर तेल घट्ट राहतं आणि काजळी खाली बसून राहते, घाटातनं आल्या आल्या सोडलं तर हात भाजतो. पाच दहा मिनिटं चालवून बंद कर, जरा थांब, मग सोड. डबा नटाच्या बरोबर खाली ठेवू नको, सुरुवातीला धार लांब पडते आणि तेल कमी झालं की ती मागं मागं येते, वारं असलं की आणखी हलते. पसरट घमेलं घे.

भरताना सगळा कॅन एकदम ओतायचा नाही. मॅन्युअलमधल्या मापापेक्षा थोडं कमी घाल, स्टार्ट कर, ऑइलचा दिवा जाईपर्यंत रेस करू नको, बंद करून थोडा वेळ थांबून सपाट जागेवर डिपस्टिक बघ, मग लागेल तेवढं. खालच्या आणि वरच्या खुणेच्या मध्ये पाहिजे. जास्त झालं तर क्रँक त्या तेलात आपटते, फेस होतो, आणि फेसाला प्रेशर धरत नाही. लोकांना वाटतं जास्त ऑइल म्हणजे इंजिनला चांगलं, तसं नाही हो.

आणि बीएस६ गाड्यावाल्यांनी हे वाचून १५डब्ल्यू-४० दिसलं की उचलू नये. १ एप्रिल २०२० पासनं बीएस६ आलं, त्यातल्या ज्या डिझेल गाड्यांना डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) आहे त्यांना कमी राखेचं तेल लागतं, साध्या तेलातली राख डीपीएफमध्ये साठते आणि ती काजळीसारखी जळून जात नाही. आकडा तोच असला तरी कॅनच्या मागचा ग्रेड वाचा.

चंदगड_पाटणे:
मधेच विचारतो, माफ करा. आमच्या टेम्पोत ऑइल घातलं की लगेच काळं पडतंय. दुकानदार डुप्लिकेट देतोय का?

उद्यमबाग_लेथ:
डिझेलला ते होणारच दादा. चेंबर कितीही निथळला तरी जुनं तेल थोडं राहतंच, आणि डिझेलची काजळी धरून ठेवणं हे ऑइलमधल्या डिटर्जंटचं कामच आहे. काळं झालं म्हणजे काम करतंय. डुप्लिकेटची शंका असेल तर सील, बॅच नंबर आणि तारीख बघा. आणि आपला रिकामा कॅन भंगारात देताना त्याला खिळ्यानं भोक पाडून द्या, कारण डुप्लिकेटवाल्यांना हवे असतात ते असलेच चांगले कॅन.

कडोली_मळा:
तिसऱ्या प्रश्नावर कुणीच बोललं नाही म्हणून लिहितेय. जांबोटीच्या भाऊ, ते तेल विहिरीच्या आसपास नको, गटारीत नको, बांधावर पण नको. तुमच्याकडं पाऊस कसला पडतोय ते तुम्हाला माहीत आहे, जमिनीवर ओतलेलं वाहत ओढ्याला लागतं, आणि कणकुंबीलाच तर मलप्रभेचा उगम आहे, म्हणजे तिथनं खालच्या सगळ्या गावांच्या पाण्याचा प्रश्न आला.

आमच्याकडं हे तेल खरूज झालेल्या कुत्र्याला लावतात, गोचीड जावेत म्हणून जनावराला चोपडतात. नका हो करू. त्यात झिजलेल्या धातूचे कण असतात, जळून तयार झालेली विषारी द्रव्यं असतात, कुत्रं ते चाटतं आणि आतनं खराब होतं. माणसाच्या कातडीला पण ते वाईट, म्हणून हातमोजे घाला, खिशात तेलाचा बोळा ठेवू नका.

नवीन ऑइलच्याच कॅनमध्ये गाळणी लावून भरा, झाकण घट्ट लावा. फिल्टर एक रात्र उपडा ठेवला की त्यातलं पण बरंच निथळतं. जळकं तेल हे २०१६ च्या घातक कचऱ्याच्या नियमांखाली येतं, ते परवाना असलेल्या रिसायकलवाल्याकडंच जायला पाहिजे. बेळगावात मोठ्या गॅरेजात ह्या तेलाचं बॅरल भरून ठेवतात आणि गाडी येऊन नेते, तुम्ही मार्केटला येताच आहात तर कॅन बरोबर आणा आणि बॅरल कुणाला देता हे विचारूनच तिथं ओता. सेंट्रिंगवाले प्लेटांना लावायला मागतात, पैसे पण देतात, पण तेच तेल पुढं स्लॅब धुतला की खाली मातीत जातं.

जांबोटी_लाईन:
सगळ्यांचे मनापासून आभार. ताई, कॅनमध्येच भरून ठेवलंय, मार्केटला येताना घेऊन येतो. सहा कोनी सॉकेट आणलं, ठोकून बसवलं आणि झटका दिला, सुटला एकदाचा! फिल्टर आधीच ढिला करून घेतलेला, पिशवीची आयडिया तर लई भारी, हाताला थेंब लागला नाही.

पण नट बाहेर काढून बघितला तर आट्यांत चकचकीत पत्र्याचे बारीक तुकडे अडकलेत आणि परत लावायला गेलो तर शेवटी शेवटी आवळतच नाही, नुसता फिरतो. आता?

उद्यमबाग_लेथ:
मग गननं आवळताना आटे गेलेत. मेस्त्री लांबनं कानडीत ओरडतो "बिगि माडो", म्हणजे घट्ट आवळ, आणि हेल्पर पोरगं अंगातला सगळा जोर काढतं, त्याला कुणी सांगितलेलंच नसतं की तेल अडवायचं काम वायसर करतो, जोर नाही. तांब्याचा वायसर एकदा दबला की कडक होतो म्हणून दरवेळी नवीन टाकायचा, नवीन असला की मापात आवळलेला नट पण थेंब सोडत नाही. मला ह्याचा लई राग येतो, कारण साध्या वायसरचा कंटाळा करून चेंबर बाद करतात.

आता गाडी चालवू नको, टेफ्लॉन टेप गुंडाळून किंवा एम-सील लावून तर अजिबात नको, चोर्ल्यात नट पडला तर इंजिन गेलं. आधी नवीन नट लावून बघ, कधीकधी नटाचेच आटे गेलेले असतात आणि चेंबर शाबूत असतो. नवीन पण फिरत असेल तर चेंबर कशाचा आहे बघ. पत्र्याचा असेल तर भोकाला आतनं वेल्ड केलेला जाड नट असतो, त्याला टॅप (आटे पाडायचं हत्यार) मारून एक साईज मोठा नट बसतो. अॅल्युमिनियमचा असेल तर मोठा नट करण्यापेक्षा हेलिकॉईल (भोकात बसवायचं स्प्रिंगसारखं वेटोळं) घाल, स्टीलचे आटे मिळतात, मूळ मापाचा नटच चालतो. बाजारात आपोआप आटे पाडणारे नट मिळतात ते मला आवडत नाहीत, वाकडे घुसतात आणि मग वायसर सपाट टेकत नाही.

शक्य असेल तर चेंबर उतरवूनच टॅप मार. गाडीवरच मारणार असशील तर टॅपला ग्रीस भरपूर लाव म्हणजे चुरा त्याला चिकटतो, मधे मधे बाहेर काढून पुसायचा. झाल्यावर नट न लावता वरनं अर्धा लिटर तेल ओतून खालनं जाऊ दे, राहिलेला चुरा धुऊन निघतो. मग नवीन वायसर, नट आधी नुसत्या बोटांनी शेवटपर्यंत गेला पाहिजे, मधेच अडला तर परत काढ. शेवटी मॅन्युअलमधल्या टॉर्कला (ठरलेल्या जोराला) टॉर्क पान्यानं आवळ. टॅप घ्यायच्या आधी जुना नट पिच गेजवर (आट्यांतलं अंतर मोजायच्या पट्टीवर) मोजून घे, दुकानात नुसतं "चेंबरचा नट द्या" म्हटलं तर कुठल्यातरी दुसऱ्या गाडीचा हातात ठेवतात.