उत्तर: ‘आधी बॅकअप ठेवा, मग उडी मारा’

आवडीच्या गोष्टीत उडी घेण्याआधी दुसरी सोय तयार ठेवा, या सल्ल्याला हे उत्तर. बॅकअपचा मुद्दा पैशापुरता मान्य. पण मन अर्धं मागे ठेवून खेळणं वेगळं, आणि तेच मला पटत नाही.

आपल्या नागपूरच्या बुद्धिबळपटू दिव्या देशमुखचंच बघा. २०२५ मध्ये ती जॉर्जियातल्या बाटुमीला बुद्धिबळाचा महिला विश्वचषक खेळायला गेली तेव्हा वय १९, हाती ग्रँडमास्टर या सर्वोच्च किताबासाठी लागणारा एकही नॉर्म (स्पर्धेतली ठरावीक दर्जाची कामगिरी) नव्हता. वाटेत झू जिनर, हरिका, माजी जगज्जेती तान झोंगयी अशा दिग्गजांना हरवलं. अंतिम फेरीत कोनेरू हंपी, जी त्या वेळी महिलांच्या जलद बुद्धिबळाची जगज्जेती होती. दोन क्लासिकल (जास्त वेळेचे) डाव बरोबरीत, म्हणजे निकाल जलद डावांत, हंपीच्याच हुकमी प्रकारात लागणार. तिथेही दिव्या १.५-०.५ ने जिंकली आणि त्या विजेतेपदामुळे एकदम ग्रँडमास्टर झाली. (त्या संध्याकाळी आमच्या गल्लीत फटाके वाजले, मला तर रडूच आलं.)

माझी भाची धरमपेठेत राहते. दोन वर्षं जेईईचा क्लास आणि बॅडमिंटन दोन्ही अर्धवट करतेय, कारण घरचे म्हणतात, ‘हरलीस तर काय?’ ताई, तिला एक वर्ष पूर्ण खेळू द्या, असं मी परवाच सांगून आलो. परीक्षा पुढच्या वर्षीही आहे.