लिंबापेक्षा मीठ बरं
वर सुचवलंय की व्हील (veal) चॉप्स, म्हणजे वासराच्या मांसाचे हाडासकट काप, रात्रभर लिंबाच्या रसात मुरवले की मऊ होतात. नाही पटलं. वासराचं मांस मुळातच कोवळं. आंबट रसात इतका वेळ राहिलं तर वरचा थर भुसभुशीत होतो आणि आतपर्यंत रस पोचतही नाही. त्यापेक्षा दोन्ही बाजूंना मीठ चोळून तासभर उघडेच फ्रिजमध्ये ठेवा. आधी मिठाने पाणी सुटतं, मग तेच मांसात परत मुरतं. भाजायच्या आधी कागदाने टिपून घेतले की रंग झकास येतो. लिंबू पिळायचं ते ताटात वाढताना.

आणखी एक गोष्ट, जी इथे कुणी लिहिली नाही. कडेच्या चरबीला सुरीने दोन-तीन चिरा द्या, नाहीतर ती आक्रसते, चॉप वाटीसारखा वर उचलला जातो आणि मधला भाग तव्याला टेकतच नाही. जाड चॉप चिमट्याने उभा धरून आधी ही कड तव्यावर टेकवायची. तिच्याच चरबीत पुढचं भाजणं होतं. या मांसात चरबी कमी, त्यामुळे जरा जास्त शिजलं की कोरडं पडतं. म्हणून थर्मामीटर हवाच! तो बाजूने खुपसा, टोक हाडाला लागू देऊ नका. ६० अंश सेल्सिअसला उतरवून झाकून ठेवलं की जाड चॉप आतल्या उष्णतेने ६३ पर्यंत जातो. तिथे पोचल्याची खात्री करून मग किमान ३ मिनिटं थांबायचं. घरात लहान मुलं, म्हातारी माणसं जेवायला असतील तर हे अजिबात टाळू नका.